प्रोबर्टची घंटा

या, असे सावलीत सरका. एका घंटेची गोष्ट सांगतो. आमच्या चॅपलमध्ये प्रवचन गाऊन सांगत, त्या दिवसांतली.

वेल्सहून ऑस्ट्रेलियात आलेल्या ईनॉक प्रोबर्टनं इथल्या ओढ्यावर पाणचक्की चालवली, आणि पुढे गावानं त्याला नगराध्यक्ष केलं. चक्की सुटली, पण तिची छोटी पितळी घंटा त्यानं खिशात ठेवली. जात्यावरच्या पेटीतला गहू संपत आला की पूर्वी ती वाजे. आता नगरसभेत कुणी पोकळ बोलू लागला की प्रोबर्ट ती वाजवी, आणि बोलणारा लाल होऊन खाली बसे.

त्या रविवारी म्हातारे पाळक एलिस बेव्हन प्रवचनाला उभे होते. त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. त्यांना ठेवायचं की मेलबर्नहून तरुण पाळक आणायचा, हे चॅपलच्या पंचांनी प्रोबर्टवर सोपवलं होतं. आज ऐकून तो काय ते सांगणार होता.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट होती. दुष्काळ, दारी आलेला पाहुणा, विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ. बोलता बोलता बेव्हन यांचा आवाज सुरात चढला. बायकांनी रुमाल काढले.

"आणि ती विधवा म्हणाली..."

सूर वरच अडकला.

"म्हणाली... ती म्हणाली..."

माश्यांची भुणभुण ऐकू येऊ लागली.

"आटोपलं म्हाताऱ्याचं," किराणावाला प्यू पुटपुटला. नगरसभेत तो त्या घंटेचं नेहमीचं गिऱ्हाईक.

प्रोबर्टचा हात खिशात गेला.

"अहो, नका!" बायकोनं, ग्वेनलियननं, त्याची बाही धरली. "देवाचं घर आहे हे."

घंटा वाजली.

बेव्हन यांनी मान खाली घातली, बायबल मिटलं आणि ते पायरीकडे वळले.

"कुठं निघालात, बाबा?" प्रोबर्ट गरजला. जात्याच्या घरघरीवर ओरडून ओरडून हळू बोलणं त्याला जमेनासंच झालं होतं. "ही वाजली म्हणून मी कधी चक्की बंद केली नाही. गोणी खांद्यावर टाकून धावायचो!"

आणि उभ्या उभ्या, भसाड्या आवाजात त्यानं ओतलं, "विधवा म्हणाली, पीठ मूठभरच आहे. माझी नि पोराची शेवटची भाकर होईल!"

बेव्हन थांबले. "शेवटची भाकर," ते हळूच म्हणाले. मग तेच गायले. मग छपराला भिडेल असं गायले.

बाहेर प्यूनं गाठलंच. "मग अध्यक्षसाहेब, सभेत आम्हाला का खाली बसवता?"

"तुझ्या पेटीत आधी कधी गहू होता का, प्यू?"

मेलबर्नला निरोप गेलाच नाही. घंटा पुढच्या बाकावर राहिली. बेव्हन अडले की ती वाजे आणि कुणीतरी उठे, कधी शिंपीण, कधी खाणीतला गडी, एकदा तर प्यूच.

आता आमच्याकडे प्रवचन कागदावरून वाचतात. एकदाही अडत नाहीत.

तुमच्यासमोर कुणी बोलता बोलता अडलं, तर ईनॉक प्रोबर्टला आठवा.