जुन्याच पाइपांवर

गिऱ्हाइकाने जीप चार इंच उंच करून घेतली, पण ब्रेकचे रबरी पाइप बदलायला साफ नकार दिला. मी जॅक लावून दाखवलं, "साहेब, चाक खड्ड्यात लोंबकळलं की हा आखूड पाइप ताणून तुटणार. मग ब्रेक दाबा नाहीतर देवाचं नाव घ्या, सारखंच."

"मिस्त्री, मला येड्यात काढू नका," म्हणत साहेब घरी गेले. मला काही राहवेना. मी गुपचूप पदरचे लांब पाइप टाकले आणि गाडी देताना तोंडातून ब्र काढला नाही.

आठ दिवसांनी स्वारी मिशीला पीळ देत गॅरेजमध्ये हजर. "सगळे डोंगर पालथे घातले, मिस्त्री. जुन्याच पाइपांवर! कुठे काय तुटलं?"

मला हसू आवरेना. आता खरं सांगूनच टाकावं म्हणून मी हात पुसत उठलो, तोच साहेब पुढे म्हणाले,

 

"माझं बघून आमच्या दाजींनीही काल घरीच जीप उंच केली, जुन्याच पाइपांवर. आत्ता ताईला आणि पोरांना घेऊन घाट उतरत असतील. तिकडे रेंज नाही, नाहीतर तुमच्याशीच बोलायला लावलं असतं."