नटावरची लाल रेघ

रातपाळी करून आलेल्या बापाला लेकीच्या ड्रमपायी दुपारची झोप मिळेना. वाजवू नकोस म्हणायला जीभ रेटेना, कारण ड्रम त्यानेच हौसेने आणून दिला होता. म्हणून ती क्लासला गेली की तो पाना घेई आणि ड्रमचं कातडं ताणून धरणाऱ्या रिंगेचे दोन-तीन नट सैल करी. मग तिची दुपार दुरुस्तीत जाई आणि हा डाराडूर झोपे.

लेकही चिवट. तिने आट्यांना नळाची पांढरी टेप गुंडाळली, नायलॉनचे वॉशर घातले.

"बाबा, हा सूर का धरत नाही हो?"

"स्वस्तातला आहे गं. चालायचंच."

एकदा नट सैल केल्यावर त्याला दिसलं, नटापासून रिंगेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलेली होती आणि ती आता तुटली होती. नट परत पिळला, तरी तडा लपेना.

लेक आली. तिने रेघेवरून बोट फिरवलं. बापाने पाना पाठीमागे धरला.

"बाबा, सैल करायचे तर सगळे सारखे करत जा," ती हळूच म्हणाली. "एकाच बाजूचे केले की रिंग वाकते."