कुंपणापलीकडची चाल

“त्यांच्या आजोबांनीच शिकवली त्यांना,” बापाला तोंड उघडू न देता लवॉन्डानं उत्तर देऊन टाकलं. “पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात चालत आलेली चाल आहे ही. हो ना, डॅडी?”

एल्रॉय पेटिफर्डनं मांडीवरचा बँजो उगाच बाहीनं पुसला. समोर ओसरीत तालिया मनरो बसली होती. जिला नुसतं बघायला देशोदेशीच्या पोरी रांगा लावतात, ती गायिका नॉर्थ कॅरोलायनातल्या या आडगावात थंडगार गोड चहा पीत होती. कंट्री संगीत म्हणजे गोऱ्यांची मिरास, असं जग धरून चाललं होतं. ते मुळात आपलं, काळ्यांचं आहे, हे तिला नव्या अल्बममधून ठणकावून सांगायचं होतं. एल्रॉयच्या चालीनं अल्बम सुरू होणार होता. चाल ज्याच्याकडून आली त्याचं नावही छापलं जाणार होतं.

लवॉन्डानं तर सगळ्या चर्चला सांगून ठेवलं होतं. एल्रॉयनं मात्र बँजो मांडीवरून खाली ठेवला.

“आजोबांनी नाही शिकवली,” तो म्हणाला.

“डॅडी!”

“गप गं. या वयात खोटं बोलून देवाला काय तोंड दाखवू? झिल्फाआजीनं बाप्तिस्मा घेतला, त्याच दिवशी घरातला बँजो चुलीत घातला. सैतानाचं वाद्य! या छपराखाली पुन्हा वाजणार नाही, अशी देवासमोर शपथ घेतली. मी शिकलो ते कुंपणापलीकडच्या हॉबर्ट स्लोनकडून.”

“म्हणजे गोऱ्याकडून?” तालियानं विचारलं.

“हो. आजी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होती. शनिवारी माझ्या हाती मक्याचा गरम पाव देऊन त्यांच्याकडे पिटाळायची. एकदा हॉबर्टनं हाक मारली, बँजो हातात दिला. मग दर शनिवारी बसायचो. आजीला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही.”

“वा!” लवॉन्डा ताडकन उठली. “आपलं संगीत परत मिळवायला निघालो आणि नाव छापायचं स्लोनसाहेबांचं! बिशपना आता काय सांगू मी?”

जन्मभर एल्रॉय ही चाल जीव ओतून वाजवत आला होता, आणि जन्मभर ती चोरल्यासारखी वाटत आली होती. ज्या आजीनं त्याला लहानाचा मोठा केला तिच्या शपथेवर त्यानं पाणी फिरवलं होतं, तेही गोऱ्याच्या अंगणात बसून. त्याला फार वाईट वाटत होतं.

तालियानं पेला खाली ठेवला.

“मिस्टर एल्रॉय, खरं असेल तेच छापू. ते आहेत का अजून?”

“आहेत. थकलेत.”

“मग चला.”

हॉबर्ट स्लोन झोपाळ्यावर पांघरूण घेऊन बसला होता. एल्रॉयला बघून त्याचं बोळकं पसरलं. तालियानं सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, “तर तुमचं नाव कसं छापायचं? हॉबर्ट की नुसतं एच. स्लोन?”

म्हातारा हसत सुटला, ते खोकला येईपर्यंत. लवॉन्डानं मान फिरवली.

“माझं नाव? बाई, बँजो माझ्या हाती दिला झिल्फानं, ही चालही तिनंच शिकवली. आमच्या स्वयंपाकघरात, मी टेबलाएवढाही नव्हतो तेव्हा. तिच्यासारखं वाजवणारं कुणी मी पुन्हा ऐकलं नाही.”

एल्रॉय झोपाळ्याजवळ सरकला. “मग... तुम्ही मला हाक मारलीत ती?”

“तिनंच मारायला लावली. म्हणाली, शपथ माझ्या छपरापुरती आहे, तुमच्या नाही. भेंडीच्या वाफ्यात दडून ऐकायची ती. अंगठा चुकायचा तुझा, अन् सोमवारी सकाळी ओरडा खायचो मी!”