नाळेतल्या पेशी

बाळंतिणीच्या परवानगीने चैतालीने तिच्या बाळाची नाळ लॅबमध्ये आणली. नाळेतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी सोडवून तिने काचेच्या बशीत वाढायला ठेवल्या. आधी दरवेळी बुरशी लागायची. या खेपेला मात्र पेशींनी छान जीव धरला.

तेवढ्यात बाळाची आजी, सुहासिनीबाई, कोथरूडहून थेट लॅबमध्ये हजर झाल्या.

"सुनेने परस्पर सही केली. मला कोणी विचारलं नाही. आधी दाखवा, मग ठेवायच्या की नाही ते ठरवू."

आता सगळी मेहनत वाया जाणार, या धास्तीने चैतालीने बशी मायक्रोस्कोपखाली सरकवली. सुहासिनीबाई बराच वेळ डोळा लावून बघत राहिल्या.



"राहू देत. अगदी आमच्यावर गेल्यात हो, सुनेच्या माहेरचं काहीसुद्धा आलेलं नाही!"