आखूड दस्त्याची बंदूक

“दस्ता खांद्यात घट्ट रोव. सैल धरलीस तर लाथ मारील, अन् मग जन्मभर मला बोल लावशील.”

दौलतरावांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तरी बंदूक पुसायला घेतली की सारजाबाईंना नवऱ्याचं हे बोलणं ऐकू यायचंच. आजही आलं. ओसरीवर घोंगडी अंथरून त्यांनी घरातल्या सहाही बंदुका ओळीनं मांडल्या होत्या. खंडेनवमीला पूजेसाठी मांडायच्या तशाच, फक्त आज झेंडू नव्हता.

मुलगा मारुतराव समोर उकिडवा बसला होता. पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात तो कामाला होता. सोमवारची सुट्टी साधून गावी आला होता. वडिलांमागं त्याच्या नावावर लायसन झालं, ते दोनच बंदुकांचं. बाकीच्या चार आज खेडच्या ठाण्यात जमा करायच्या होत्या. गेल्या की त्या परत यायच्या नव्हत्या.

उपयोगाच्या तेवढ्या ठेवू, असं तो म्हणाला.

दुनळीबद्दल वाद नव्हता. भुईमुगात डुकरं उतरली की तीच लागायची. रान राखणारा कोंडीराम खांबाला टेकून उभा होता. त्यानं एकनळी मागून घेतली. हलकी होती, दगा देत नव्हती. रायफलीची काडतुसं आता पुण्यातही मिळत नव्हती, म्हणून ती बाजूला गेली. ठासणीच्या दोन्ही आजोबांच्या वेळच्या. त्यांतल्या एकीच्या नळीत गांधीलमाशीनं घर केलं होतं. ही राहू द्या, माशा सोडल्या की डुकरं चाकणपर्यंत पळत्यात, असं कोंडीराम म्हणाला. मारुतराव हसला. पदर तोंडाला लावून सारजाबाईही हसल्या.

मग राहिली सहावी. मारुतरावानं ती खांद्याला लावून पाहिली. तिचा दस्ता चांगला चार बोटं कापलेला होता. त्याची मान वाकडी झाली.

“आबांनी एवढ्या चांगल्या बंदुकीचा नास कशापायी केला? गड्याच्या खांद्याला ही लागतच न्हाई.”

कोंडीरामानं सारजाबाईंकडं पाहिलं. त्यांनी नको म्हणून हळूच मान हलवली, तसा तो बैल जुंपायला निघून गेला.

“चारांत ठेव,” त्या म्हणाल्या.

ती त्यांच्यासाठी कापली होती. चाकणच्या सुताराकडून दस्ता घासून आणून दौलतरावांनी ती त्यांच्या पुढ्यात ठेवली होती. जीव घेऊ नको, नुसती आभाळाकडं उडव, पण एकदा उडव, असं म्हणाले होते. सारजाबाईंचे तेव्हा सोळा सोमवार चालू होते. व्रतात हत्यार पुसायचं, चालवायचं नाही, हा नेम त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला. उद्यापन झालं की उडवीन, असा शब्द त्यांनी दिला.

उद्यापन झालं. पण लगेच मुलाच्या नोकरीसाठी दुसरे सोळा धरले. मग त्याच्या लग्नासाठी. दौलतराव कधी रागावले नाहीत. नुसतं म्हणायचे, “महादेवानं मोकळी केली की सांग.” शेवटचे सोळा त्यांच्याच खोकल्यासाठी धरले होते. बाराव्या सोमवारी ते गेले.

ती बंदूक सारजाबाईंनी इतकी वर्षं पुसली. खांद्याला एकदाही लावली नाही.

मारुतरावानं चारही बंदुका पोत्यात गुंडाळून सुतळीनं बांधल्या, दाराशी उभ्या केल्या आणि पाटलांचा कागद आणायला गेला. आला की गाडी निघणार होती.

सारजाबाई पूजेला बसल्या. आता सोमवार सुनेच्या बाळंतपणासाठी होते, आजचा पंधरावा. पिंडीला पाणी घातलं. भस्म घ्यायला लाकडी संपुट उघडलं. त्यात भस्माच्या पुडीशेजारी ते काडतूस होतं. दौलतरावांनीच तिथं ठेवलेलं. हे तुझं, दुसऱ्या कुठल्या बंदुकीत घालायचं नाही, असं बजावून. दर खंडेनवमीला ते त्याला ऊन दाखवायचे. गेल्या खंडेनवमीला सारजाबाईंनी दाखवलं. त्याचं पितळी बूड त्या देवाच्या भांड्यांसारखं कोरड्या राखेनं लख्ख ठेवत.

हातातलं बेलाचं पान हातातच राहिलं. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

“महादेवा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आजवर तुझ्यापायी त्यांना थांबवलं. आता वाईच तू थांब.”

पान त्यांनी परत ताम्हनात ठेवलं आणि काडतूस मुठीत घेतलं. निरांजन तसंच जळत राहिलं. पूजा अर्धी टाकून त्या आजवर उठल्या नव्हत्या.

पोत्याची सुतळी सोडली. चारांत आखूड, म्हणून हाताला ती चटकन लागली. अंगणात कोंडीराम बैलांच्या मानेला जुवाच्या सापत्या अडकवत होता. बाईंच्या पदराखालचं हत्यार त्यानं पाहिलं. जुंपलेली जोडी पुन्हा सोडली, बैलांपुढं कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या आणि पाठ करून उभा राहिला.

कुंपणापाशी कुणी नव्हतं. सारजाबाई थांबल्या. मुठीतलं काडतूस कनवटीला खोचलं आणि दस्ता खांद्यात घट्ट रोवून पाहिला.

बरोबर बसला. मध्ये बोटभर जागा उरली नाही, की मान वाकडी करावी लागली नाही.

हे माप दौलतरावांनी कधी घेतलं होतं, ते सारजाबाईंना आठवेना. बंदुकीवर पदर सारखा करून त्या भामा नदीच्या वाटेला लागल्या.