शुक्रवारची चौकशी

दर शुक्रवारी पडद्याचा टांगा मुकुंदवाडीला यायचा. तालुकदारांच्या घरची आबेदाबेगम, छातीच्या गाठीनं खंगलेल्या बायांना दूध आणि जखमेवर बांधायला मऊ जुनेर वाटायची. म्हाळसाबाईची गाठ फुटून वरीस झालेलं. तिच्या कण्हण्यानं शेजार हैराण होता, पण जिभेची धार काही गेली नव्हती. बेगम बाकीच्या बायांना लवकर वाटेला लावी, हिच्यापाशी मात्र ठाण मांडून बसे.

"गाठ किती दिवसांनी फुटली? हात कधीपासून उचलेना?"

"दूध देता म्हणून माझं मरण बी बघायचंय व्हय तुम्हांला?" म्हाळसाबाई म्हणाली.

दुधानं भरलेला जड लोटा बेगमनं एकाच हातानं पुढं केला. डावा हात अंगापासून जरा लांबच धरलेला. म्हाळसाबाईचा जन्म मेंढरांमागं गेला होता. कासेला गाठ आलेली मेंढी पाय कसा फाकवून टाकते, हे तिला लांबून कळायचं. तिनं लोटा घेतलाच नाही.

"डाक्टरला दावलं का, बीबी?"

"आमच्यात परक्या मर्दाला दाखवत नाहीत."

बेगमनं लोटा खाली ठेवला.

"म्हाळसाबाई, शेवटी शेवटी फार दुखतं का?"

म्हाळसाबाईनं ओलं झालेलं जुनेर पदराखाली सारलं.

"नाय," ती म्हणाली. "कायबी दुखत नाय."