बोअरचं पाणी

"पद्माकर, बॉयलरवाले तुम्ही. सांगा बघू, ह्यात कुठलं पाणी घालायचं?"

जयसिंगराव घोरपड्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडूनच ठेवलं होतं. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, आरओच्या पाण्याची बाटली आणि नळाच्या, म्हणजे बोअरच्या, पाण्यानं भरलेला जग. मधोमध मुलानं आणलेलं कोरं स्टीम क्लीनर, टाकीचं झाकण उघडलेलं.

पद्माकर लिमये उभेच राहिले. होसकोट्याच्या कारखान्यात जयसिंगराव त्यांचे साहेब होते, त्याला सत्तावीस वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी ते बेळ्ळंदूरच्या ह्याच सोसायटीत मुलाकडे राहायला आले. लिफ्टमध्ये गाठ पडली तेव्हा जुना मित्र सापडल्यासारखी त्यांनी पद्माकरांच्या पाठीवर थाप मारली होती. ती अजून झोंबत होती.

"पुस्तिकेत लिहिलंय डिस्टिल्ड. ही म्हणते आरओचं," जयसिंगराव बायकोकडे, शिवलीलाबाईंकडे, मान वळवत म्हणाले. "मी म्हणतो, नळ सोडा आणि भरा. काय होतंय?"

मशीनच्या पाण्याचं विचारायचंय, असं फोनवरच कळलं होतं. वर येताना पद्माकरांनी ठरवलं होतं, बोअरचंच घाला म्हणायचं. महिन्या-दोन महिन्यांत आत क्षार धरेल, नळी तुंबेल, वाफेऐवजी मशीन गढूळ पाणी थुंकेल. गालिच्यावर, सोफ्यावर. पण साहेबांच्या तोंडून ते दोन शब्द ऐकले आणि तेवढ्यावर त्यांचं भागेना.

"तेव्हाही हेच म्हणाला होतात. काय होतंय."

"कधी?" शिवलीलाबाईंनी विचारलं.

पद्माकरांनी त्यांनाच सांगितलं, साहेबांकडे न बघता. पाण्यातले क्षार काढणारा कारखान्याचा सॉफ्टनर बंद पडला होता. उत्पादन थांबवायचं नाही, बोअरचं पाणी सोडा, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. दीड महिना ते जड पाणी बॉयलरला गेलं. मग ट्यूब फुटली. बॉयलरच्या भट्टीवर काम करणाऱ्या परसू नावाच्या फायरमनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीत साहेब म्हणाले, असा आदेश मी दिलेलाच नाही.

"अहो, ती फाइल कधीच बंद झाली," जयसिंगराव म्हणाले. "आता कशाला उकरायचं?"

शिवलीलाबाई खुर्चीवर बसल्या. "मला तर ह्यांनी सांगितलं, लिमयांच्या हलगर्जीपणानं माणूस भाजला. मी तुमच्या बायकोच्या, विद्याच्या, हळदीकुंकवाला जाणं सोडलं. ती गेली तेव्हासुद्धा आले नाही तुमच्याकडे."

पद्माकरांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"पाणी कुठलं ते सांगतो, साहेब. आधी लेखी द्या."

"काय लेखी?"

"बॉयलरला बोअरचं पाणी सोडायला मी सांगितलं होतं. एवढंच. खाली सही."

जयसिंगराव हसले. एकटेच हसले. "ह्या वयात कोर्टात जाणार?"

"परसूकडे जाणार."

"मी असलं काही..."

शिवलीलाबाईंनी मशीनची पुस्तिका उलटी केली, शेवटचं कोरं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "लिहा," त्या म्हणाल्या.

चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातानं जयसिंगराव लिहू लागले. एकेक अक्षर पडायला वेळ लागत होता आणि पद्माकरांना अजिबात घाई नव्हती. सही झाली तेव्हा त्यांनी पान उचलून वाचलं आणि परत खाली ठेवलं.

"'मी' राहिलं. 'मी सांगितलं' असं पाहिजे."

जयसिंगरावांनी ओळीच्या वर, आधाराला डावा हात धरून, 'मी' लिहिलं.

पद्माकरांनी पान फाडून घेतलं, घडी केली. "डिस्टिल्ड," ते म्हणाले आणि बाहेर पडले. जिन्यानं उतरताना बऱ्याच वर्षांनी त्यांना हलकं वाटत होतं.

रविवारी सकाळीच ते बसनं होसकोट्याला गेले. परसू आपल्या मुलीच्या शिलाईच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला होता. केस पांढरे झाले होते. हॉस्पिटलात पद्माकर भेटायला गेले होते तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, त्यानंतर दोघांचं बोलणं नव्हतं. आताही तो उठला नाही.

पद्माकरांनी कागद पुढे केला. "वाच. घोरपड्यांच्या हातचं आहे."

परसूची बोटं मिटत नव्हती. त्यानं कागद दोन तळव्यांमध्ये धरला, डोळ्यांजवळ नेला, सावकाश वाचला. तो बेळगावकडचा, मराठी शाळेत शिकलेला. पद्माकर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"हे मला ठाऊकच हाय की, सायेब," परसू म्हणाला. "ते सांगाय आले तवा मी तितंच हुतो. फीड पंपाच्या मागं."

"तुला माहीत होतं? मग इतकी वर्षं माझ्याशी एक शब्द का बोलला नाहीस?"

"सांगितलं त्यांनी. पर बोअरचा वॉल्व्ह तुमी उघडलासा."

"मी नको म्हटलं होतं, परसू. दोनदा म्हटलं होतं."

"म्हटलासा की. मी ऐकलो." परसूच्या आवाजात राग नव्हता. "आन मग उघडलासा."

आतलं शिलाई मशीन थांबलं. परसूची मुलगी दारात आली, खांद्यावर टेप, ओठांत टाचणी. टाचणी काढून तिनं विचारलं, "कोण हे, अप्पा?"

दोन तळव्यांत धरलेला कागद परसूनं परत पुढे केला. पद्माकरांनी तो घेतला नाही.